गोल हिऱ्याचा कट कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखरपुड्याची अंगठी असो की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या कुड्या, हिरा घेताना घरात चर्चा होते ती कॅरटची आणि बजेटची. रंग आणि क्लॅरिटीबद्दलही लोक आता वाचून येतात. कट मात्र "एक्सलंट आहे ना? मग झालं" एवढ्यावर सुटतो. पण खडा बोटात घातल्यावर दुरून जे दिसतं, ते बहुतांशी कटवरच ठरतं. म्हणून इथे फक्त गोल हिऱ्याच्या, म्हणजे राउंड ब्रिलियंटच्या, कटबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

कट म्हणजे हिऱ्याचा आकारच ना? गोल, चौकोनी, बदामी वगैरे?

नाही. गोल, ओव्हल, प्रिन्सेस हे आकार. कटची प्रत म्हणजे त्या आकारात पैलू किती अचूक कोनात, किती प्रमाणात आणि किती सफाईने पाडले आहेत ते. दोन्ही हिरे गोल, दोन्ही एक कॅरटचे, रंग आणि क्लॅरिटी सारखी असूनही एक झगमगतो आणि दुसरा काचेसारखा निपचित दिसतो, तो फरक कटचा.

गोल ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, तळाचं टोक सपाट केलं असेल तर ५८. वरच्या भागाला क्राउन म्हणतात, त्यावर ३३ पैलू. मधला मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल. खालच्या निमुळत्या भागाला पॅव्हेलियन म्हणतात, त्यावर २४. या दोघांमधली कड म्हणजे गर्डल आणि तळाचं टोक म्हणजे क्युलेट. पुढे हेच पाच शब्द लागतील.

चार 'सी'मध्ये (कॅरट, कलर, क्लॅरिटी आणि कट) कटला एवढं महत्त्व का द्यायचं?

रंग, शुद्धता आणि वजनाची कमाल मर्यादा कच्च्या हिऱ्यातच ठरलेली असते. कट तेवढा माणसाच्या हातात असतो. आणि तिथेच कारागिराला, खरं तर कच्चा माल घेतलेल्या मालकाला, निवड करावी लागते: वजन राखायचं की प्रकाश. कच्च्या खड्यातून गोल हिरा काढताना अनेकदा निम्म्याहून जास्त वजन धूळ होऊन जातं. आणखी थोडं वजन गमावलं तर कोन नेमके बसतात, पण ते वजन विकूनच तर पैसे येतात. वाईट कटचे बहुतेक हिरे अकुशल हातांमुळे तसे होत नाहीत. वजन वाचवायचा निर्णय विचार करून घेतलेला असतो. सुरतेतले कारागीर सांगाल तो कोन आणून देतात, प्रश्न सांगणाऱ्याचा असतो.

प्रकाश हिऱ्यात नेमका काय करतो? कोनांचा एवढा बाऊ कशासाठी?

हे एकदा समजलं की रिपोर्टवरचे, म्हणजे प्रयोगशाळेच्या तपासणीपत्रावरचे, आकडे पाठ करावे लागत नाहीत.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ च्या आसपास आहे. त्यामुळे आत शिरलेला किरण एखाद्या पैलूवर लंबापासून साधारण २४.४ अंशांपेक्षा जास्त कलून आदळला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. पूर्णपणे परावर्तित होऊन आतच वळतो. त्याहून कमी कलून आदळला, तर बहुतांश प्रकाश बाहेर निसटतो.

आता टेबलातून सरळ उभा खाली आलेला एक किरण घ्या. पॅव्हेलियनचा कोन (गर्डलच्या आडव्या पातळीपासून मोजलेला) ४०.७५ अंश असेल तर तो पहिल्या पैलूवर ४०.७५ अंशांनी आदळतो आणि वळतो. समोरच्या पैलूवर जवळपास ५८ अंशांनी आदळतो आणि पुन्हा वळतो. मग उभ्या रेषेपासून १७ अंश कललेला असा तो टेबलाकडे परत येतो. १७ हे २४.४ पेक्षा कमी, म्हणून आता तो बाहेर पडतो आणि बाहेर पडताना हवेत सुमारे ४५ अंशांनी झुकतो. हा प्रवास उलटाही तितकाच खरा: वरून हिरा पाहणाऱ्या डोळ्याला खोलीच्या बाजूचा, ४५ अंशांवरचा प्रकाश दिसतो. दिवे, खिडक्या, उजळलेल्या भिंती तिथेच असतात.

तोच कोन ४३ अंश केला तर काय होतं? तोच किरण उभ्या रेषेपासून फक्त ८ अंशांवर परत येतो आणि हवेत २० अंशांच्या आत बाहेर पडतो. त्या दिशेला तर तुमचंच डोकं आहे. म्हणजे हिरा तुमच्या डोक्याची सावली तुम्हाला परत दाखवतो आणि मधोमध काळा डाग दिसतो. व्यापारात याला नेलहेड म्हणतात. उलट पॅव्हेलियन फार उथळ ठेवला तर टेबलाच्या आतल्या बाजूला गर्डलची राखाडी कडी माशाच्या डोळ्यासारखी दिसते, तो फिशआय. दोन-अडीच अंशांत खड्याचा चेहरा बदलतो. इतक्या बारीक फरकाला एवढं वजन का, याचं उत्तर या भूमितीत आहे.

क्राउनचं काम वेगळं. त्याचे तिरके पैलू बाहेर पडणारा प्रकाश सात रंगांत फोडतात, ज्याला फायर म्हणतात. टेबल फार मोठं आणि क्राउन चपटा असेल तर खडा पांढरा उजळ दिसेल, पण रंगीत ठिणग्या कमी पडतील.

टोलकोव्स्कीचे आकडे म्हणजेच आदर्श कट का?

मार्सेल टोलकोव्स्की हा हिरे घडवणाऱ्या घराण्यातला इंजिनिअर. १९१९ साली त्याने लंडनमध्ये हे गणित मांडलं: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राउन ३४.५ अंश, पॅव्हेलियन ४०.७५ अंश. शंभर वर्षांनंतरही पॅव्हेलियन आणि क्राउनचे त्याचे कोन उत्तम मानले जातात, हे खरंच थक्क करणारं आहे. पण त्याने हिऱ्याच्या एकाच उभ्या छेदातले किरण मोजले होते आणि गर्डलची जाडी हिशेबात धरली नव्हती. आज टेबल ५४ ते ५७ टक्क्यांचं असतं आणि तरीही हिरा सुंदर असू शकतो. तेव्हा "टोलकोव्स्की कट" असं कुणी कौतुकाने सांगितलं तरी आकडे मागून घ्याच.

रिपोर्टवर कोणकोणते आकडे वाचायचे?

प्रमाणांची आकृती असते ती काढा. टेबल आणि खोलीचे टक्के सरासरी व्यासाच्या तुलनेत असतात. माझ्या मते गोल हिऱ्यासाठी सुरक्षित पट्टा असा: टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.४ टक्के, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१ अंश. गर्डल थिन ते स्लाइटली थिक यांच्यामध्ये. क्युलेटसमोर नन, म्हणजे टोक सपाट केलेलं नाही. खालच्या अर्ध्या पैलूंची (पॅव्हेलियनवरच्या, गर्डलला लागून असलेल्या पैलूंची) लांबी गर्डल ते क्युलेट अंतराच्या ७५ ते ८० टक्के असली की वरून दिसणारे काळे बाण ना फार जाड, ना फार बारीक दिसतात.

सगळ्यात जास्त वेळ दोन कोनांवर घाला, आणि ते दोन्ही एकत्र वाचा. क्राउन आणि पॅव्हेलियन एकमेकांना सांभाळून घेतात: एक वर गेला तर दुसरा थोडा खाली यायला हवा. ३४ ला ४१, ३४.५ ला ४०.८, ३५ ला ४०.६ या जोड्या जमतात. क्राउनही उंच आणि पॅव्हेलियनही खोल, म्हणजे ३६ आणि ४१.४ सारखी जोडी असेल, तर टेबलाच्या कडेखालून प्रकाश गळतो आणि तिथे एक मलूल कडं तयार होतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकेतली संस्था क्राउनचा कोन जवळच्या अर्ध्या अंशावर आणि पॅव्हेलियनचा ०.२ अंशावर आणून छापते, आणि तोही आठ पैलूंची सरासरी असतो. आठही पैलू ४०.८ अंशांचे असले तरी आणि चार ४०.४ व चार ४१.२ असले तरी कागदावर ४०.८ च दिसेल. म्हणून आकडे वाईट हिरा बाजूला काढायला कामाचे. निवड मात्र खडा पाहूनच करायची.

जीआयएच्या रिपोर्टवर 'एक्सलंट' लिहिलंय. मग आणखी काय तपासायचं?

जीआयएने गोल ब्रिलियंटसाठी कटची प्रतवारी २००६ मध्ये सुरू केली. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर असे पाच दर्जे. त्यात उजळपणा, फायर, हलताना होणारी चमचम, वजनाचं प्रमाण, टिकाऊपणा, पॉलिश आणि सिमेट्री या सात बाबी धरल्या जातात. पद्धत नीट विचार करून बसवलेली आहे आणि तिच्यामुळे बाजार सुधारला, यात शंका नाही.

पण एक्सलंटचं दार बरंच रुंद आहे. ३५.५ चा क्राउन आणि ४१.२ चा पॅव्हेलियन असलेला, थोडं वजन पोटात राखलेला हिराही त्यात बसतो. ३४.५ आणि ४०.८ चा नेटका हिराही त्याच दर्ज्यात येतो. शेजारी शेजारी ठेवले तर फरक दिसतो. म्हणूनच एक्सलंटच्या खाली उतरू नका, आणि एक्सलंट मिळाल्यावर थांबूही नका. जवळपास तेवढ्याच किमतीत जास्त चांगला नग मिळत असताना तो सोडायचा कशाला?

आयजीआय या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर 'आयडियल' असा शब्दही दिसतो. शब्द कुठलाही असो, तपासणी तीच. अमेरिकेच्या एजीएस प्रयोगशाळेची शून्य ते दहा अशी वेगळी पद्धत होती, त्यात शून्य सर्वोत्तम. ती प्रयोगशाळा २०२२ अखेरीस बंद होऊन तिचं काम जीआयएकडे गेलं. जुन्या रिपोर्टवर 'ट्रिपल झिरो' (कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही शून्य) दिसला तर घाबरू नका, ती उत्तम खूण आहे.

'ट्रिपल एक्स' म्हणजे काय?

कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही एक्सलंट. यातली सिमेट्री म्हणजे पैलू नीट जुळले आहेत का, टेबल मध्यावर आहे का, गोलाई बरोबर आहे का याची पाहणी. त्यावरून कोन चांगले आहेत असं सिद्ध होत नाही. ओव्हल किंवा बदामी हिऱ्याला जीआयए कटचा दर्जा देतच नाही, त्यामुळे तिथे ट्रिपल एक्स असं कुणी म्हणालं तर रिपोर्ट उघडून दाखवायला सांगा.

मैत्रिणीचा ९२ सेंटचा हिरा माझ्या एक कॅरटएवढाच दिसतो. फसवणूक झाली का?

(शंभर सेंट म्हणजे एक कॅरट.) वजन खोटं असेल असं नाही. ते बहुधा पोटात दडलं आहे. चांगल्या कटचा एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. खोली ६५ टक्क्यांवर नेली आणि गर्डल जाड ठेवलं तर तोच एक कॅरट ६.२५ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि नेटक्या कटच्या ९२ सेंटच्या हिऱ्याचा व्यास जवळपास तेवढाच असतो. वरून पाहणाऱ्याला खोली दिसत नाही, व्यास दिसतो.

हे घडतं कारण हिऱ्याचा प्रति कॅरट भाव ५० सेंट, १ कॅरट अशा टप्प्यांवर उडी घेतो. ९२ सेंटचा उत्तम हिरा करण्याऐवजी १.०० चा जाडजूड करण्यात व्यापाऱ्याचा फायदा असतो. म्हणून माझा सल्ला उलटा: टप्प्याच्या किंचित खालचे, ९० ते ९६ सेंटचे नग मुद्दाम मागा. असा नग नेटक्या कटमध्ये मिळाला तर तो घरी न्यायच्या लायकीचा.

ताडून पाहायला: ३० सेंटला सुमारे ४.३, ५० सेंटला ५.१ ते ५.२ आणि दोन कॅरटला सुमारे ८.१ मिलिमीटर. याहून बराच कमी व्यास असेल तर खोली आणि गर्डल पाहा.

दुकानात सगळेच हिरे चमकतात. मग बघायचं कसं?

पेढीतले छोटे तीव्र स्पॉटलाइट फायर खुलवण्यासाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली साधारण हिराही ठिणग्या टाकतो. तो प्रकाश खोटा नाही, पण तुमचा दिवस काही स्पॉटलाइटखाली जात नाही.

सराफांना विनंती करा आणि खडा घेऊन दाराजवळ किंवा खिडकीपाशी या, थेट ऊन नसेल अशा जागी. हिरा चिमट्यात किंवा दोन बोटांच्या बेचक्यात धरा आणि हातभर अंतरावरून पाहा. अगदी डोळ्याशी नेलात तर तुमचं डोकंच प्रकाश अडवेल आणि चांगला हिराही मधे काळवंडेल. मग काउंटरच्या कडेखाली, सावलीत धरा. चांगला कट इथे ओळखू येतो: अंधुक उजेडातही तो जिवंत राहतो, तर गळका हिरा राखाडी होतो. हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलवा. काळे-पांढरे तुकडे भराभर जागा बदलत असतील, कुठलाही एक भाग कायम मेलेला राहत नसेल, तर उत्तम.

आणि एकटा हिरा कधीच पाहू नका. सारख्या वजनाचे तीन नग एका पांढऱ्या कागदावर ठेवायला सांगा. डोळ्याला तुलना लगेच कळते, एकट्या खड्याला मात्र तो पटकन भुलतो. घरातल्या ज्यांना हिऱ्यातलं काही कळत नाही असं सगळे म्हणतात, त्यांना आधी निवडू द्या. त्यांनी किंमत ऐकलेली नसते आणि रिपोर्ट वाचलेला नसतो, म्हणून त्यांची नजर स्वच्छ असते.

हार्ट्स अँड ॲरोजचा हिरा घ्यावा का?

विशेष दर्शकातून पाहिल्यावर वरून आठ बाण आणि खालून आठ बदाम दिसतात. १९८० च्या दशकात जपानमध्ये ही कल्पना रुजली. आठही बदाम सारखे आणि अखंड दिसले, तर समोरासमोरचे पैलू फार काटेकोर बसवले आहेत असं समजा. हे कष्टाचं काम आहे आणि त्याला जास्त पैसे देणं मला पटतं. मात्र नुसते बाण पुरेसे नाहीत, बदामही पाहा. आणि नक्षी सुरेख असली तरी दोन्ही कोन वेगळे तपासा, कारण सममिती आणि योग्य कोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयडियलस्कोप, ॲसेट, एचसीए ही साधनं सामान्य ग्राहकाला उपयोगी आहेत का?

आयडियलस्कोप नक्की आहे. छोटं, स्वस्त लाल दर्शक. त्यातून लाल दिसतो तो परत येणारा प्रकाश, काळं दिसतं ती पाहणाऱ्याची सावली आणि फिकट पांढरं दिसतं ती गळती. भरगच्च लाल आणि त्यात आठ सुबक काळे बाण दिसले की समाधान मानावं. ॲसेट त्याच्या पुढची पायरी, त्यात प्रकाश कोणत्या उंचीवरून येतो हे रंगांवरून कळतं. ऑनलाइन खरेदीत या दोन्ही प्रतिमा विक्रेत्याकडे मागता येतात.

एचसीए हे मेलबर्नच्या गॅरी हॉलोवे यांनी बनवलेलं गणिती साधन. खोली, टेबल आणि दोन्ही कोन भरले की गुण मिळतात, कमी गुण चांगले, दोनच्या आतला नग पुढे पाहण्याजोगा. ते चाळणीसारखं वापरा. ०.८ गुणांचा हिरा १.५ वाल्यापेक्षा सुंदर असेलच असं नाही.

लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्याला हे सगळं लागू होतं का?

तंतोतंत. पदार्थ तोच, अपवर्तनांक तोच, म्हणून कोनही तेच. उलट इथे तुम्ही जास्त काटेकोर राहायला हवं. कच्चा माल तुलनेने स्वस्त असल्याने वजन वाचवायला कटशी तडजोड करण्याचं कारणच उरत नाही. लॅब ग्रोनमध्ये ३६ आणि ४१.४ चा नग कुणी पुढे केला तर सरळ दुसरा मागा.

मंगळसूत्रातले, चमकीतले बारीक हिरे कसे तपासायचे?

दोन-पाच सेंटच्या खड्यांना स्वतंत्र रिपोर्ट नसतो. दहापट दाखवणाऱ्या भिंगाने एवढं पाहा: ते फुल कट (वर सांगितलेले ५७-५८ पैलूंचे) आहेत की सिंगल कट. सिंगल कटला १७ किंवा १८ च पैलू असतात, त्याची लकाकी मोठ्या, मोजक्या ठिपक्यांची असते. फार बारीक खड्यात ती वाईट दिसत नाही, पण फुल कटच्या भावात सिंगल कट घेऊ नये. मग सगळे खडे सारखेच उजळ दिसतात का, मधेच एखादा काळपट बसवलाय का, हे दागिना हलवून पाहा.

आजीच्या कुड्यांतले जुने हिरे आधुनिक कटमध्ये घासून घ्यावेत का?

घाई करू नका. जुन्या कटचे हिरे म्हणजे लहान टेबल, उंच क्राउन, तळाला मोठं क्युलेट. वरून पाहिलं की मधे एक गोल ठिपका दिसतो. ते मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या काळात घडले, म्हणून मंद उजेडात त्यांच्या मोठ्या, संथ, रंगीत चमका फार देखण्या असतात. वर दिलेला पट्टा त्यांना लावणं अन्यायाचं होईल.

पुन्हा घासल्यावर वजन किती जातं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोहिनूरचं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो हवा तसा चमकत नाही म्हणून लोक निराश झाले. १८५२ मध्ये तो ब्रिलियंट पद्धतीने पुन्हा घडवला गेला आणि सुमारे १८६ कॅरटांचा १०५.६ कॅरटवर आला. कुड्यांतल्या खड्याला कड उडाली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर नुसतं नवीन कोंदण करून घ्या.

गर्डल फार पातळ असेल तर काय बिघडतं?

हिरा सर्वांत कठीण आहे, पण ठिसूळही आहे. अत्यंत पातळ कड खडे बसवताना किंवा ओट्यावर आपटून उडू शकते. अंगठीसाठी 'एक्स्ट्रीमली थिन' टाळाच. कुड्यांना धोका कमी.

नवीन अंगठी सहा महिन्यांत निस्तेज झाली. कट वाईट होता का?

आधी धुऊन पाहा. हिऱ्याला तेल-तूप चटकन चिकटतं, इतकं की खाणीत चुऱ्यातून हिरे वेगळे करायला चरबी लावलेले पट्टे वापरत. कणीक मळताना, केसांना तेल लावताना, हँडक्रीम चोळताना पॅव्हेलियनच्या मागे थर बसतो. हवेऐवजी तेल पैलूला लागून असलं की वर सांगितलेली २४.४ अंशांची मर्यादा ३७ अंशांच्या आसपास जाते, आणि जे किरण आत वळायचे त्यातले बरेच बाहेर पडतात. उत्तम कटचा हिराही मग मंद दिसतो.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून अंगठी थोडा वेळ बुडवून ठेवा, मऊ ब्रशने खड्याच्या मागच्या बाजूने घासा, वाटीत धुवा आणि बेसिनचं भोक बंद ठेवा. मागून बंद कोंदण असेल तर पाणी आत अडकतं, असा दागिना घरी न बुडवता सराफांकडून साफ करून घ्यावा. रोज वापरायचा दागिना नव्याने करत असाल तर मागून उघडं कोंदणच सांगा.